पण मामा, मला तो दिसतोय ना!

"तुमचा तो राक्षसांचा खेळ बंद का पडला रे?" मावशीने मध्यंतरी फोनवर विचारलं आणि मी "वेळ कुठे मिळतो आता" असं काहीतरी पुटपुटून विषय बदलला. खरं कारण ताईला माहीत आहे, बायकोला माहीत आहे. बाकी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? एका वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावरून मामा-भाचे तीन वर्षं एकमेकांशी धड बोलले नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं!

तर आज सांगतोच. पण आधी खेळ काय आहे ते, कारण मावशीला अजून तो व्यापारासारखा पट मांडून खेळायचा खेळ वाटतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. आम्ही राहतो त्या मॅडिसनपासून गाडीने तास-दीड तासावर लेक जिनिव्हा नावाचं छोटंसं गाव आहे, तिथून. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. पट असा नाहीच, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर दार आहे. आतून कुजका वास येतोय." "मी दाराला कान लावतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि ऐकू आलं की नाही ते ठरवायचं. झालं. आजी गोष्ट सांगायची आणि आम्ही मध्येच "पण मग राजपुत्र मागच्या दाराने का नाही गेला?" म्हणायचो ना, तसंच. फरक इतकाच की इथे राजपुत्र खरोखर मागच्या दाराने जाऊ शकतो आणि मग आजीची धांदल उडते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही हा खेळ व्हिडिओ कॉलवर सुरू केला. रविवारी आमच्याकडे सकाळचे नऊ, पुण्यात संध्याकाळचे साडेसात. मी डंजन मास्टर. लेक तेव्हा अकरा वर्षांची, ती क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र म्हणणारी. बायको कुऱ्हाडवाली ठेंगणी योद्धी (भूमिकेत शिरायला तिला फार कष्ट पडले नाहीत, असो). आणि पुण्याहून भाचा, तेव्हा तेराचा. त्याच्या पात्राचं नाव लवंगी. हाफलिंग, म्हणजे जेमतेम तीन फूट उंचीची, आणि जादूगार. लवंगी मिरचीवरून नाव. "लहान आहे, पण झोंबते," असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट, ती म्हणजे मंत्र. या खेळात एक मंत्र म्हणजे पुस्तकातला एक परिच्छेद. किती लांबून, किती वेळ, कोणावर, आणि काय होणार. दार किती जाड, पहारेकरी किती झोपाळू हे डंजन मास्टर आपल्या मनाने ठरवतो, पण मंत्र हा करार. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो खरंच करारासारखा लिहिलेला होता, ठरावीक चौकटी आणि ठरावीक शब्द. पुष्कळांना ते रुक्ष वाटलं. मग २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा साध्या बोलीतली वाक्यं आली. वाचायला झकास. पण साधी वाक्यं म्हणजे वकिलांची दिवाळी!

एक गंमत सांगतो. २०१४ च्या पुस्तकात 'चिल टच' नावाचा मंत्र आहे. गार स्पर्श. तर यात गारठ्याने इजा होत नाही, आणि स्पर्शही करावा लागत नाही. एकशेवीस फुटांवरून भुताचा हात जातो. नावातले दोन्ही शब्द खोटे. लेकीने पहिल्यांदा तो मंत्र वाचला तेव्हा तिला वाटलं छापताना चूक झाली.

लेकीचा 'पाणी निर्माण करा' हा मंत्र मात्र आमच्याकडे गाजला. उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी तयार होतं, एवढाच त्याचा अर्थ. बाईसाहेबांनी एका दरोडेखोराच्या फुप्फुसात पाणी भरायचं ठरवलं. तोंड उघडं आहे, म्हणजे भांडं उघडं आहे! (ही युक्ती जगभरातल्या पोरांना सुचलेली आहे हे मला नंतर कळलं.) भाचा पुण्याहून उसळला. "फुप्फुस म्हणजे भांडं नाही. लिहिलंय तेवढंच धरायचं." मी त्याच्या बाजूने निकाल दिला. लेक आठवडाभर फुगून बसली होती. तेव्हापासून आमच्या टेबलाचा नियमच झाला: लिहिलंय तसं.

आणि मजा येत होती हो. शब्दांचा कीस काढण्यात एक वेगळीच चव असते. 'विश' हा सगळ्यात मोठा मंत्र, मागाल ते मिळेल. पण पुस्तकच डंजन मास्टरला सुचवतं की मागणं जितकं मोठं तितकी त्यात खोट निघायची शक्यता जास्त. अमका दुष्ट मेलेला असू दे म्हटलंत, तर तो जिवंत नसलेल्या भविष्यकाळात तुमचीच रवानगी होऊ शकते. हे वाचून दाखवल्यावर लेक एकदम ओरडली, "कुंभकर्ण!" बरोबरच की. मागायचं होतं इंद्रासन, जीभ वळली आणि मिळालं निद्रासन. भाच्याने त्याच्यावर कडी केली. म्हणाला, हिरण्यकश्यपू हा नियमांचा सगळ्यात मोठा वकील. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणूस नाही, पशू नाही. एवढी कलमं घालून घेतली आणि नरसिंहाने एकही कलम न मोडता उंबरठ्यावर बसून काम तमाम केलं. "नरसिंह म्हणजे बेस्ट डंजन मास्टर, मामा." मी आपला उगाच खूश, जणू काही मलाच म्हणाला.

आणि 'कमांड'. यात एका शब्दाची आज्ञा द्यायची, समोरचा ती एक फेरीभर पाळतो. १९७८ च्या जुन्या पुस्तकात तर असं म्हटलंय की आज्ञा अगदी नि:संदिग्ध हवी; उच्चारलेला शब्द नाम आहे की क्रियापद अशी शंका असेल तर समोरचा सरळ दुर्लक्ष करेल. व्याकरणाच्या बाईंनी लिहिल्यासारखं! आम्ही खेळायचो मराठीत. लेक एका लुटारूला म्हणाली, "बस!" आता ते खाली बस की पुरे झालं बस? मी लुटारूला तलवार टाकून मांडी घालायला लावली, दोन्ही अर्थ एकदम निकालात. पुढच्या वेळी तिने गॉब्लिनला हुकूम सोडला, "तळ्यात!" भाच्याचा आक्षेप तयार होताच: क्रियापद कुठाय? आणि इंग्रजीत याला तीन शब्द लागतील. बायकोने भांडी घासता घासता निकाल दिला, "शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांच्या मधलं. तो एकच आहे. आणि तळ्यात-मळ्यात खेळताना तुम्ही क्रियापद शोधत बसायचात का?" गॉब्लिन गेला तळ्यात. त्या रविवारी भाचा इतका हसला की ताई बघायला आली.

हे सगळं अशासाठी सांगतोय की भांडण नियमांवरून झालं म्हटलं की लोकांना वाटतं, नियमांचा जाच होता. तसं नव्हतं. नियमांवर वाद घालणं हेच आमचं बोलणं होतं. सात समुद्रांपलीकडच्या तेरा वर्षांच्या मुलाशी मामा आणखी कशावर दीड तास बोलणार? अभ्यास कसा चाललाय?

२०२१ चा पावसाळा. वर्षभरापेक्षा जास्त खेळ झाला होता, लवंगी सातव्या पातळीला पोचली होती. एका जुन्या वाड्यात बाकीच्या दोघी खालच्या मजल्यावर अडकल्या आणि वर लवंगी एकटी, एका अदृश्य मारेकऱ्यासमोर. भाच्याकडे एकच जरा मोठा मंत्र टाकण्याइतकी शक्ती उरली होती. त्याने खूप विचार केला. पळून जाता आलं असतं. त्याने 'सी इनव्हिजिबिलिटी' टाकला. अदृश्य गोष्टी तासभर दिसायला लागतात, जशा दृश्य असाव्यात तशा. मारेकरी दिसला. मी त्याचं वर्णनही रंगवून केलं, गालावरचा व्रण वगैरे. पुढच्या फेरीला भाच्याने आगीचा छोटा बाण सोडला आणि म्हणाला, "फासा टाकतो."

मी म्हणालो, "दोन टाक. कमी असेल तो धरायचा."

इथे जरा थांबून नियम सांगायला हवा. २०१४ च्या पुस्तकात 'अदृश्य' या अवस्थेखाली दोन वेगवेगळे मुद्दे आहेत. पहिला असा की जादू किंवा खास इंद्रिय असल्याशिवाय असा प्राणी दिसत नाही. दुसरा असा की त्याच्यावर हल्ला करणाऱ्याने दोन फासे टाकून कमी तो घ्यायचा, आणि त्याने स्वतः हल्ला केला तर दोन टाकून जास्त तो. गोम अशी की दुसरा मुद्दा पहिल्यावर अवलंबून आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. मंत्राने तुम्हाला तो दिसायला लागतो, पण त्याची 'अदृश्य' ही अवस्था जात नाही. म्हणजे शब्दशः वाचलं तर दिसत असूनही दुसरा मुद्दा लागू.

"पण मामा, मला तो दिसतोय ना!"

आणि मी म्हणालो, "दिसतोय रे, पण तो अदृश्य आहे."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. बेचाळीस वर्षांच्या, दोन पदव्या घेतलेल्या माणसाने.

त्याने थोडा वाद घातला. मी म्हटलं, "लिहिलंय तसं. नियम तुझाच आहे." मग तो गप्प झाला आणि त्याने फासे टाकले. कमी निघालेला होता ४. बाण भिंतीवर. मारेकऱ्याची पाळी आली, त्याला दोन फाशांतला मोठा, सुरी बसली, लवंगी कोसळली. बेशुद्ध पडलेल्याला जवळून मारलेला घाव दुप्पट भारी धरतात. पुढच्या पाळीला तोही बसला. मग जगण्या-मरण्याचा फासा टाकायचा होता तो भाच्याने टाकला, वाचून दाखवला, आणि कॅमेरा बंद केला. बाय म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी "क्लास आहे". त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नाही. ताईचा फोन आला, "काय केलंस रे तू? रडत होता त्या रात्री." मी तिला दोन मुद्द्यांचा नियम समजावून सांगायला लागलो. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "बरं." भाऊ-बहिणींना या 'बरं'चा अर्थ वेगळा सांगायला नको, तो एकच शब्द आहे आणि संदिग्ध अजिबात नाही.

मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. मी शोधाशोध केली. या खेळाच्या नियमांचे तेव्हाचे मुख्य रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांना हाच प्रश्न लोकांनी विचारलेला होता आणि त्यांचं उत्तर माझ्या बाजूचं होतं, म्हणजे दिसत असला तरी फायदा-तोटा तसाच राहतो. मला इतका आनंद झाला की मी ते उत्तर भाच्याला पाठवून दिलं. वर "बघ!" असंही लिहिलं. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. दोन-तीन रविवार आम्ही तिघांनी रेटलं, मग खेळ बंद पडला. दिवाळीला फोनवर "हॅपी दिवाळी मामा" आणि "अभ्यास कसा चाललाय" एवढंच. शेवटी त्याच प्रश्नावर येऊन पोचलो.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. डंजन मास्टरच्या वहीत प्रत्येक शत्रूसमोर त्याची उरलेली ताकद लिहिलेली असते. त्या मारेकऱ्यासमोर ६ लिहिलं होतं. भाच्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, आणि "दोन टाक" म्हणताना वही समोर उघडी होती.

बरोबर वागलो की चूक हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. लेकीच्या वेळी शब्दशः वाचलं, मग भाच्याच्या वेळी कसं सोडायचं, ही माझी बाजू. ती अगदीच खोटी नाही. पण फुप्फुसाच्या वेळी शब्दशः वाचलेलं आणि साध्या अकलेने वाचलेलं एकच होतं, म्हणून तो निकाल सोपा होता. इथे दोन्हींची फारकत झाली होती, आणि अशा वेळी काय करायचं हे त्याच पुस्तकात स्पष्ट आहे: अखेरचा शब्द डंजन मास्टरचा. म्हणजे वाक्याने मला काहीही करायला लावलं नव्हतं. दोन वाचनांतलं एक मी निवडलं आणि वर "पुस्तकात आहे" म्हणालो. पोराला राग हरल्याचा आला नसावा. तो आधीही कित्येकदा हरला होता. समोरचा माणूस गोष्ट सांगायची सोडून पुस्तकामागे जाऊन उभा राहिला, याचा आला असावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये नियमांचं सुधारलेलं पुस्तक आलं. लेकीने हट्टाने आणवलं. मी सहज चाळत होतो. 'चिल टच' आता खरोखर स्पर्शाने होतो (गार मात्र अजूनही नाही). 'सजेशन' मंत्रात आधी सूचना समोरच्याला वाजवी वाटायला हवी अशी अट होती, आणि वाजवी म्हणजे काय यावर रात्री जागवल्या जायच्या. आता ती सूचना करता येण्यासारखी हवी, धडधडीत इजा करणारी नको, आणि पंचवीस शब्दांच्या आत हवी. मग मागच्या पानांत 'अदृश्य' पाहिलं. दोन फाशांच्या मुद्द्याला आता एक शेपूट जोडलंय, की एखाद्याला तुम्ही कसेही करून दिसत असाल, तर त्याच्याविरुद्ध हा फायदा तुम्हाला नाही.

म्हणजे, पण मामा, मला तो दिसतोय ना.

त्या पानाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. या वेळी "बघ" लिहिलं नाही. "तू बरोबर होतास. मला तेव्हाच कळायला हवं होतं" असं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. चार दिवस काही नाही. तो आता बारावीला, त्याला हजार कामं, अशी मी माझी समजूत घालत होतो.

पाचव्या दिवशी दोनच आकडे आले. "१७ आणि ४."

मला ४ तेवढा आठवत होता. दुसरा फासा मी पाहिलाच नव्हता. १७ म्हणजे बाण नक्की लागला असता.

मग त्याने विचारलं, "त्याचे किती उरले होते?"

बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग "६" लिहिलं.

"दहा बाजूंचे दोन फासे, सहा किंवा जास्त. नव्वद टक्के," असं मिनिटाभरात आलं. बारावी सायन्स! त्यानंतर पुन्हा शांतता. मला वाटलं, गेलं, आता हे पोरगं पुन्हा काही बोलत नाही. रात्री झोपताना बघितलं तर लांबलचक मेसेज. 'रेझ डेड' मंत्राने मेलेल्याला परत आणता येतं, पण मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले नसले तर. आता मामा, हे दहा दिवस कुणाचे? आपले म्हटले तर तीन वर्षं झाली. पण खेळातले म्हटले तर लवंगी गेल्यावर तुम्ही दोन-तीनदाच खेळलात. खेळात किती दिवस गेले?

वही काढून पाहिलं. तीन.

तर मावशी, खेळ पुन्हा सुरू झालाय. परत आलेल्याला सुरुवातीला प्रत्येक फाशातून चार वजा करावे लागतात, हळूहळू ते कमी होत जातात, ते भाच्याला मान्य आहे. हा मंत्र लेकीच्या आवाक्यातला नाही, म्हणून शहरातल्या देवळात जावं लागणार, तेही मान्य. अडलंय ते हिऱ्यापाशी. मंत्राला पाचशे सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा लागतो. यांच्याकडे आहे तो जेमतेम दोनशेचा. बायकोचं म्हणणं, तो हिरा आपण आपल्यातच एकमेकांना पाचशेला विकू, म्हणजे त्याची किंमत पाचशे झाली. लेक म्हणते, किंमत म्हणजे बाजारातली. भाचा म्हणतो, पुस्तकात 'बाजारातली' असं कुठे लिहिलंय ते दाखवा.

मी अजून निकाल दिलेला नाही. रविवारी सकाळी नऊला द्यायचाय.